सू-च्वानचं पहिलं वर्ष

को सू-च्वान निवडणुकीला उभी राहिली ती रागाच्या भरात. तो राग मी समोरून पाहिलाय, कारण तिचं पार्लर आणि माझं नाश्त्याचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे, आणि त्या वर्षी त्या रस्त्यावरून गुडघाभर पाणी वाहत होतं.

आमचं पेइत्साव समुद्राला चिकटून आहे. माशांच्या तळ्यांसाठी सगळ्यांनीच जमिनीखालचं पाणी उपसलं, त्यामुळे गाव खचत चाललंय. भरती आणि पाऊस एकदम आले की समुद्र सरळ घरात शिरतो. म्हणून पंपघर बांधलेलं आहे. पण त्या वर्षी पंप सुरूच झाले नाहीत, कारण त्यांत डिझेल नव्हतं. सू-च्वानच्या खुर्च्या, केस वाळवायची यंत्रं, टॉवेलांचं कपाट, सगळं चिखलात गेलं. पाणी ओसरल्यावर माझू देवीच्या देवळासमोर सभा झाली. तिथे तिने उभं राहून विचारलं, डिझेल का नव्हतं? गावप्रमुख त्सेंगकाका चार वेळा निवडून आलेले. तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारत ते म्हणाले, "पोरी, तू केस काप. पंपाचं आम्ही बघतो."

पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत, आणि मतं बायकांनाही असतात हे त्सेंगकाकांच्या लक्षात आलं नाही. गावातल्या प्रत्येक बाईचं डोकं कधी ना कधी सू-च्वानच्या हाताखालून गेलेलं. कुणाचा नवरा पितो, कुणाची सून बोलत नाही, कुणाच्या आईला औषध मिळत नाही, हे तिला ठाऊक, आणि तिने ते बाहेर कधी सांगितलं नाही, हे बायकांना ठाऊक. ती थोडक्या मतांनी निवडून आली. त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना सोयाचं दूध फुकट पाजलं.

सू-च्वान बुटकी, दंडाने भक्कम, नखांच्या कडा केसांच्या रंगाने कायमच्या काळ्या झालेल्या. केस वाळवायच्या यंत्राच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे साधं "जेवलीस का" विचारलं तरी भांडतेय असं वाटावं. नवरा दूर बंदरात क्रेन चालवतो, शनिवार-रविवारी घरी येतो. मुलगी युन-चिए काओशुंग शहरात नर्सिंग शिकायची.

त्सेंगकाकांनी डिसेंबरात कारभार सोपवला तो असा, की किल्ल्यांचा एक जुडगा टेबलावर टाकला आणि निघून गेले. कुठली किल्ली कुठली, काही कळायला मार्ग नाही. गावाला सूचना द्यायच्या भोंग्याचं यंत्र खोलीत नव्हतं. विचारलं तर म्हणाले, ते माझं स्वतःचं होतं. तालुक्याच्या कचेरीतला कारकून हिचा फोन आला की जेवायला गेलेला असायचा. आणि गाव तर काय, कुणाच्या न्हाणीत साप निघाला की हिला फोन, रस्त्यावरचा दिवा गेला की हिला फोन, लग्नाला आली नाही की रुसवा, मयताला उशिरा आली की टोमणा. एकदा एका गृहस्थाने तिला शेजाऱ्याचा कोंबडा पहाटे ओरडतो म्हणून बोलावलं. ती गेली. कोंबड्याला काय सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "कोंबड्यानं ऐकून घेतलं. माणसंच ऐकत नाहीत."

पण उन्हाळ्याआधी तिने पंपघरात डिझेल भरून घेतलं. महिन्यातून एकदा स्वतः उभी राहून पंप सुरू करून बघायची. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे कुणालाच ते आठवलं नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात आली नाही. गावचा फोनवरचा ग्रुप. नाव 'पेइत्साव एक घर'. तो चालवायचा त्सेंगकाकांचा पुतण्या, यू-थांग. त्याची माशांची तळी आहेत, पण सगळा जीव फोनमध्ये. ग्रुपशिवाय नेटवर त्याचं एक पानही होतं, 'किनाऱ्याचा आवाज' नावाचं. जिल्हाभरातले हजारो लोक ते वाचायचे. रस्त्यावरचे खड्डे, पळून गेलेल्या बायका, भेसळीचा सॉस, सगळं एकाच पातेल्यात. सू-च्वानने त्याला सांगितलं, सरकारी सूचना ग्रुपवर मला टाकू दे. तो म्हणाला, टाका की ताई, आपलंच घर आहे. आणि ती सूचना टाकायची तेव्हा दोन मिनिटांत तो वीस विनोदी चित्रं टाकून ती वर ढकलून द्यायचा.

ऑगस्टात वादळ आलं. पंप चालले, पण पाऊस इतका, की पंपांनाही आवरेना. सैन्याने रबरी होडी पाठवली, ती घेऊन सू-च्वान घरोघर फिरत होती. आमच्या आळीतली आठ माणसं तिच्यात बसली, त्यात मीही होते. नववी बोंग-छी आजी. वय चौऱ्याऐंशी, एकटी राहते. बोंग-छी म्हणजे असू दे, वाढवू कशीतरी. मुलगी झाली म्हणून आईबापांनी ठेवलेलं नाव. आजी होडीपर्यंत आली आणि परत फिरली. नवऱ्याचा फोटो आणि पूर्वजांची पाटी घरात राहिली होती. तिचा कुत्रा तिच्या पुढे पोहत निघाला, आणि दाराजवळ पोचताच एकदम ताठ झाला आणि उलटा तरंगायला लागला. माशांच्या तळ्यातल्या यंत्राची विजेची तार तुटून पाण्यात पडली होती. आजीला दिसलं नाही. ती चाललीच. सू-च्वानने होडीतून उडी टाकली, मागून तिची कॉलर धरली, मागे ओढली आणि दोन्ही हातांनी होडीत ढकलली. आजी गुडघ्यांवर पडली, रडायला लागली. सू-च्वान ओरडत होती. तिचं तोंडच तसं.

दुसऱ्या दिवशी 'किनाऱ्याचा आवाज'वर चित्रफीत आली. काही सेकंदांची. आवाज काढून टाकलेला. कुत्रा नाही, तार नाही, मागे ओढणं नाही. फक्त एक लाल तोंडाची बाई म्हातारीला ढकलते आणि म्हातारी कोसळते. वर लिहिलं होतं, 'निवडून आल्यावरचा माज'.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी नाश्त्याच्या खिडकीतून बघितलंय. पार्लरचा फोन वाजायचा, ती उचलायची, पलीकडून कुणी अनोळखी माणूस आईवरून शिव्या द्यायचा. आधी ती समजावून सांगायची. मग नुसती ऐकायची. मग फोनची तार काढली. ज्यांनी पेइत्साव नकाशावरही पाहिलं नाही, त्यांनी नेटवर तिच्या पार्लरला पाचातला एकेक तारा देऊन लिहिलं, हिने माझ्या आजीचे केस उपटले. टीव्हीवाल्या एका वाहिनीने ती चित्रफीत दिवसभर फिरवली. कुणीतरी लिहिलं, वाळूची पोती तिने भावाच्या तळ्यांना दिली. तिला भाऊच नाही. कुणीतरी युन-चिएचा नर्सिंगच्या गणवेशातला फोटो शोधून काढला आणि खाली लिहिलं, ही पोरगी उद्या तुमच्या आईला इंजेक्शन देणार. पोरीला रुग्णालयातल्या कामावर जाववेना. तिने ते सत्र सोडलं, घरी आली आणि महिनाभर वरच्या खोलीतून खाली उतरली नाही.

मी ग्रुपवर लिहिलं, मी होडीत होते, असं असं झालं. पाच मिनिटांत यू-थांगने मला ग्रुपमधून काढून टाकलं. म्हणून मी होडीतल्या बाकीच्यांकडे गेले. एकेकाच्या घरी. सगळे म्हणाले, खरं आहे, आम्ही पाहिलं. मग लिहा ना. एकजण म्हणाला, आपण कशाला मध्ये पडायचं. एकीचा नवरा यू-थांगकडून माशांचं खाद्य घेतो. एकजण तर म्हणाला, "मावशी, मी पण ती चित्रफीत पुढे पाठवली. सगळेच पाठवत होते." होडीत तो माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. आजी घसरू नये म्हणून त्यानेच तिचे पाय धरले होते.

चित्रफीत ज्या कोनातून घेतली होती तो कोन एकाच खिडकीचा, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्याचा. औषधवाल्यांचं आडनाव शी, सज्जन माणूस. मी त्यांना विचारलं. ते हो म्हणाले, लगेच, जणू कुणी विचारेल याचीच वाट पाहत होते. पाणी किती चढलं हे दाखवायला त्यांनी ती यू-थांगला पाठवली होती. पुरी, कुत्र्यासकट, आवाजासकट. अजून त्यांच्या फोनमध्ये होती. मग इतके दिवस गप्प का, विचारलं, तर त्यांनी औषधांच्या डब्यांवरची धूळ पुसायला घेतली. म्हणाले, "माझंही दुकान आहे हो. उद्या मलाही एकेक तारा देतील."

मी ती पुरी चित्रफीत त्यांच्याकडून घेऊन सू-च्वानच्या हातात ठेवली. तिने एकदा बघितली. म्हणाली, "कुत्र्याचं नाव काय होतं गं? आजींना विचारायचं राहिलं."

ती चित्रफीत घेऊन आम्ही पोलीस चौकीत गेलो, यू-थांगविरुद्ध तक्रार नोंदवली. पुरी चित्रफीत आम्ही लोकांनाही दाखवली. युन-चिएच्या मैत्रिणींनी ती टाकली. बघितली कुणी? आमच्या ओळखीच्यांनी. खोटं ज्यांनी ज्यांनी गिळलं होतं, त्यांचं पोट भरलं होतं. ते आता दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जेवायला गेले होते.

बोंग-छी आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाचता येत नाही, कानाने कमी. दर आठवड्याला ती पार्लरमध्ये केस धुवायला यायची, रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणायची, आज गर्दी नाही, बरं झालं. एक दिवस शहरातून एक पोरगा शेवयांचं खोकं आणि कॅमेरा घेऊन तिच्या घरी गेला. आजी, तिने मारलं का तुम्हाला, असं विचारत राहिला. आजीला वाटलं, जेवली का विचारतोय. ती हसून हो हो म्हणाली. तेही फिरलं.

मग लोक तिच्या मुलावर घसरले. आई बुडत होती तेव्हा तू कुठे होतास? मुलगा आ-ल्यांग लांब ताओयुआनला कारखान्यात आहे. तो तडक आला तो सरळ पार्लरमध्ये, दाराला लाथ मारून. गावप्रमुखबाईंनी आत्ताच्या आत्ता आईच्या पाया पडावं, म्हणाला. सू-च्वान म्हणाली, पडते, आधी आईला विचारून या. तो आईला घेऊन आला. आजीच्या कानाशी ओरडून ओरडून त्याने विचारलं. आजीला कळलं तेव्हा तिने मुलाच्या पाठीत काठी घातली.

"हिने मला ओढलं म्हणून मी आहे. माझा हेई कुत्रा मेला तिथं. तू तेव्हा कुठं होतास ते सांग आधी."

जाताना आ-ल्यांगने पार्लरचं दार दुरुस्त करून दिलं. लोकांना सांगायला हा प्रसंग चांगला होता, पण कुणी पुढे पाठवला नाही.

सप्टेंबरअखेर दुसरं वादळ निघालं. हवामानखात्याने सांगितलं, भरती आणि वादळ एकाच दुपारी येणार. सू-च्वानने सकाळीच सगळ्यांना शाळेच्या व्यायामशाळेत जायला सांगितलं. ग्रुपवर सूचना टाकली. खाली हसरी तोंडं आली. कुणी लिहिलं, या वेळी कुणाला ढकलणार? कुणी लिहिलं, कॅमेरा तयार ठेवा रे. मग यू-थांगने लिहिलं, पंपघराला विचारलंय, घाबरायचं कारण नाही, गावप्रमुखबाईंना पुन्हा टीव्हीवर यायचंय. त्याने पंपघराला विचारलं नव्हतं. पंपघराची किल्ली सू-च्वानच्या कमरेला होती.

भोंगा नव्हताच. ती स्कूटर घेऊन, मासळीबाजारातला हातात धरायचा कर्णा घेऊन, घरोघर फिरली. एरवी तिच्या आवाजाला गाव दार उघडायचं. त्या दिवशी पडदे हलले आणि पुन्हा पडले.

गावाच्या टोकाला लिन छिंग-खुन राहतो, कालवांचा धंदा करतो. त्याच्या बायकोचं, युए-ओचं, फुप्फुस खराब. विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र नाकाला लावून बसायची. पेइत्सावमध्ये वीज पहिल्यांदा तिथेच जाते. सू-च्वान तिथे दोनदा गेली. दुसऱ्यांदा छिंग-खुन दारात आला तो फोन समोर धरूनच, सगळ्यांना थेट दाखवत. म्हणाला, "या बाई, ढकला मला पण. लोक बघतायत."

ती म्हणाली, मला हवं तेवढं दाखवा, पण वहिनींना माझ्यासोबत पाठवा. आतून युए-ओ काहीतरी बोलली. ती काय बोलली हे छिंग-खुनच्या त्या चित्रफितीत ऐकू येत नाही. मी पुष्कळदा ऐकून बघितलंय. त्याने दार लावून घेतलं.

दुपारी वीज गेली. पाणी बांधावरून आलं. संध्याकाळच्या आत युए-ओने स्वतः सू-च्वानला फोन केला. शब्द कमी, श्वास जास्त. सू-च्वान आणि अग्निशमन दलाचे दोघे ऑक्सिजनची नळकांडी घेऊन होडीतून गेले. वाटेत कालवांच्या सुटून आलेल्या बांबूंनी रस्ता अडवला होता, ते हातांनी बाजूला करत करत. तिला जिवंत बाहेर काढलं. जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत ती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हती.

मयताला यू-थांगही आला, मयताच्या घरी द्यायच्या पैशांचं पांढरं पाकीट घेऊन. मी त्याला बाजूला घेतलं आणि जे बोलायचं ते बोलले. इथे लिहीत नाही. तो शांतपणे म्हणाला, मावशी, त्यांना फुप्फुसाचा आजार होता. आणि हेच मला आजपर्यंत पचत नाही, की तो खोटं बोलत नव्हता. आजार होताच. त्याने कुणाचं नाक दाबलं नाही. छिंग-खुनचं दार त्याने लावलं नाही. त्याने दोन ओळी लिहिल्या, लोकांनी हसरी तोंडं लावली, आणि एका माणसाला फोन समोर धरून दारात उभं राहायची मजा वाटली. कुणाला धरायचं? छिंग-खुन आता कुणाशीच बोलत नाही. कालवं काढायला एकटा जातो आणि किनाऱ्यावर बसून राहतो. त्याच्यावर रागवायला गेलं तर राग पोचतच नाही.

वादळाच्या त्या रात्रीनंतर सू-च्वानने पार्लर बंद केलं. गिऱ्हाईकं तशीही उरली नव्हती. मला वाटलं, गावप्रमुखपदही सोडेल. नवराही म्हणाला, पुरे झालं, चल माझ्यासोबत बंदरावर. ती म्हणाली, चार वर्षांसाठी निवडून आलेय. तालुक्याच्या कचेरीत ती रोज जाऊन बसायला लागली, कारकून जेवून परत येईपर्यंत. भोंग्याचं नवीन यंत्र मंजूर करून घेतलं. ते बसवलं तेव्हा तिने पहिल्यांदा गावाला काय सांगितलं असेल? गुरुवारी कचऱ्याची गाडी उशिरा येणार. एवढंच.

आणि मग यू-थांग तिच्याकडे आला. वादळात त्याच्या तळ्यांचे बांध फुटले होते, मासे मेले होते, आणि सरकारी भरपाईच्या अर्जावर गावप्रमुखाचा शिक्का लागतो. तो माझ्या दुकानातच आला, कारण ती तिथे सकाळी भाताची पेज खायला बसते. टेबलांवर दहा-बारा माणसं होती. तो हसत हसत म्हणाला, ताई, जुनं जाऊ द्या.

सू-च्वानने चमचा खाली ठेवला. तिचा आवाज पहिल्यांदाच मला हळू वाटला.

"तुझ्याकडे पुरी चित्रफीत होती. कापलीस तू. हे इथे सगळ्यांसमोर सांग."

तो म्हणाला, कापून दुसऱ्याच कुणीतरी दिली होती, मी फक्त पुढे पाठवली. औषधवाले शी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी वाटीत तोंड घातलं. मी बोलणार होते, पण सू-च्वानने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

ती उठली, स्कूटर काढली आणि त्याच्या तळ्यांवर गेली. मीही दुकान सोडून मागे गेले. वास नाकात बसत होता. बांध खरंच फुटले होते, मेलेले मासे काठाला पांढऱ्या पट्ट्यासारखे लागले होते. तिने फिरून सगळं नीट बघितलं, आणि अर्जावर शिक्का मारला.

परतीच्या वाटेवर मी तिला जे बोलले ते गावातल्या कुणी ऐकलं असतं तर त्याचीही चित्रफीत झाली असती. तू वेडी आहेस, म्हटलं. युए-ओ गेली, तुझ्या पोरीचं वर्ष गेलं, आणि तू त्याला शिक्का मारून देतेस. लाज नाही वाटत?

"मासे मेलेत ना त्याचे? मग शिक्का मारावाच लागतो," ती म्हणाली. "तक्रार मी मागे घेतलेली नाही. शिक्का गावप्रमुखाचा, तक्रार माझी."

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. मी तिच्या जागी असते तर त्याला दहा वेळा हेलपाटे घालायला लावले असते. पण मी नाश्ता विकते, मला कुणी निवडून दिलेलं नाही.

पुढच्या महिन्यात न्यायालयात तारीख आहे. यू-थांगने वकील केलाय. 'किनाऱ्याचा आवाज'वर तो लिहितोय की सत्तेतली बाई सामान्य माणसाचं तोंड दाबतेय, आणि लोक खाली मुठी उगारलेली चित्रं लावतायत. युन-चिए पुन्हा कॉलेजला जायला लागली आहे, पण फोन घरी ठेवून जाते. औषधवाले शी म्हणाले, चित्रफीत हवी तर न्या, मला मात्र उभं करू नका. मी दुकान बंद ठेवून साक्षीला जाणार आहे. बोंग-छी आजी तर कधीपासून विचारतेय, काय घालून जायचं. होडीतल्या बाकी सात जणांना मी पुन्हा घरी जाऊन विचारून आले. दोघे येतो म्हणाले. उरलेले पाच म्हणतात, बघू.

बघू म्हणे. बघितलंय की तुम्ही, सगळं, चार हातांवरून.